माझ्या वाट्याचं दूध

६ फेब्रुवारी

आज सकाळी दूध उतू गेलं आणि त्या करपट वासासरशी मिशनच्या शाळेचं जेवणघर डोळ्यांपुढे आलं. लांबलचक टेबलं, दोन्ही बाजूंना बाक, वसतिगृहाच्या आम्ही सगळ्या मुली आणि प्रत्येकीसमोर जाड काचेचा ग्लास. दुधावर साय. मला सायीची शिसारी यायची, अजून येते. अर्धा ग्लास मी डोळे मिटून प्यायचे, पुढचा अर्धा काही केल्या घशाखाली उतरायचा नाही. दूध तपासणाऱ्या सिस्टर टेबलाच्या दुसऱ्या टोकाला वळल्या की शेजारी बसलेली ताई माझा ग्लास उचलायची, एका दमात रिकामा करायची आणि पुन्हा माझ्यासमोर ठेवायची. सिस्टर यायच्या, माझा ग्लास उजेडात धरायच्या आणि म्हणायच्या, "शाबास, बेबी!" ताईला कधी कोणी शाबास म्हटलं नाही. तिच्या वरच्या ओठावर पांढरी मिशी तेवढी असायची.

या गोष्टीबद्दल आम्ही दोघी कधी बोललो नाही. बोलण्यासारखं काय होतं त्यात? अजूनही माझ्या ताटात, कपात काही उरलं की ताईच ते संपवते. "वाया जातं," एवढंच म्हणते.

आज हे सगळं आठवायचं कारण माझी हाडं. गेल्या आठवड्यात मी पडले. जिन्यावरून पडले असते तर चारचौघांत सांगायला तरी बरं होतं. मी पडले ती कोरड्या, सपाट फरशीवर, घरातल्या घरात, हातात काही नसताना. डावं मनगट मोडलं. हाडांच्या डॉक्टरांनी फोटो उजेडावर धरला आणि म्हणाले, "बाई, हाडं विरली आहेत तुमची." विरायला मी काय चादर आहे? पण फोटोत दिसतच होतं, टोस्टला असतात तशी भोकं. पस्तीस वर्षं मी लहान मुलांना शिकवलं, "दूध प्या, हाडं बळकट होतात." शिकवणारीची हाडं टोस्ट.

कॅल्शियमची गोळी दोन वेळा जेवणानंतर, ड जीवनसत्त्व आठवड्यातून एकदा, आणि "आहारात कॅल्शियम वाढवा."

भाचीने फोनवर सगळं ऐकून घेतलं आणि शेवटी म्हणाली, "बेबी आत्या, यापुढे तुमच्यापैकी कोणी पडलं ना, तर मी तुमचं दोघींचं एक ऐकणार नाही. मोठ्या आत्याला मी माझ्याकडे घेऊन येणार."

"आणि मला?"

"तुझी चांगली सोय बघू कुठेतरी."

तिच्याकडे जादा खोली एकच आहे. तेव्हापासून एक गोष्ट मनात ठाम आहे: ताई पडता कामा नये. माझं मनगट गेलं ते गेलं. ती माझ्याहून चार वर्षांनी मोठी, वजनाने माझ्या निम्मी, आणि दिवसभर खिडकीपाशी वाकून लोकांच्या कपड्यांना रफू करत बसते. तिची हाडं मी वाचवणार.

११ फेब्रुवारी

एका हाताने तक्ता केला. फ्रिजवर लावला. उभ्या रकान्यात वार, आडव्यात गोळी, दूध, दही, पालक, तीळ, बदाम. दोन रांगा, एक माझी, एक ताईची. डॉक्टरांनी गोळ्या मला दिल्या हे खरं, पण हाडं तिचीही तेवढीच जुनी आहेत. उलट चार वर्षांनी अधिक. शाळेत मुलांच्या वहीत चिकटवायच्या सोनेरी चांदण्या एका पाकिटात उरल्या होत्या, त्या कामी आल्या. गोळी घेतली की एक चांदणी.

ताईने चष्मा कपाळावर सरकवून तक्ता वाचला.

"चांदण्या कशाला?"

"उत्साह यावा म्हणून."

"मला उत्साह आहे, बेबी. मला दात नाहीत. कवळीत तीळ अडकतात."

मी तीळ भाजून, कुटून दिले. तिने ते पाण्याबरोबर गिळून टाकले. आमच्या घरच्या डॉक्टरीणबाई मागे म्हणाल्या होत्या की रक्तदाबामुळे ताईच्या किडन्या जरा मंद चालतात, जपायला हवं. ताईचं सगळंच मंद चालतं. कोटाच्या एका भोकाला ती अख्खी सकाळ घेते. पण रफू झाल्यावर कोटाच्या मालकालाही भोक कुठे होतं ते सापडत नाही. मंद म्हणजे वाईट असं थोडंच आहे?

१७ फेब्रुवारी

पालक बंद.

गेला आठवडाभर आम्ही पालक सूपमध्ये, पालक आमलेटात, पालक भातात खातोय. आज वाचलं की पालकातलं कॅल्शियम पालकच धरून ठेवतो, अंगाला लागूच देत नाही. माझ्यासारखी माणसं असतात तशी भाजी निघाली: देते असं दाखवायचं आणि सोडायचं मात्र नाही.

दुसरं संकट लिहायला लाज वाटते, पण ही माझी वही आहे. पोट साफ होत नाही. ताईचंही नाही. सकाळी आम्ही दोघी बाथरूमच्या दारापाशी एकमेकींना "आधी तू, आधी तू" करतो, जणू लग्नात पहिला घास कोणी घ्यायचा त्यावर चाललंय. शिवाय पहाटे माझ्या पोटरीत गोळे येतात. आज जिन्यातच आला. कठडा धरून एका पायावर उभी राहिले तर खालून पोहण्याचे मास्तर वर येत होते. तळमजल्यावर राहतात, नदीकाठच्या तलावात मुलांना पोहायला शिकवायचे, आता निवृत्त. बायको जाऊन बरीच वर्षं झाली. खांदे अजून तसेच आहेत. (हे मी का लिहिलं?)

"गोळा आला ना? मॅग्नेशियम कमी पडतंय तुम्हाला," ते म्हणाले.

"मी कॅल्शियम घेते."

"तेच चुकतंय. कॅल्शियम स्नायू आवळतं, मॅग्नेशियम सैल सोडतं. एकटं कॅल्शियम घेऊन काय उपयोग? जोडी लागते. नवरा-बायकोचं असतं तसं."

लग्नाचा अनुभव नसल्यामुळे मी समजूतदारपणे मान हलवली. वर येऊन ताईला सांगितलं.

"मास्तरांच्या बायकोला विचारायला हवं होतं, कोण आवळायचं आणि कोण सोडायचं," ती सुईत दोरा ओवता ओवता म्हणाली. एका झटक्यात ओवला. मला चष्मा लावूनही जमत नाही.

२० फेब्रुवारी

कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानात गेले. तिथली औषधवाली म्हणजे नाकावर चष्मा, चष्म्याला साखळी आणि तोंडाला प्रश्न. मी दोन वस्तू मागितल्या: मॅग्नेशियमची पावडर आणि पोट साफ व्हायचं ते पांढरं पातळ औषध. तिने बाटली हातातच धरून ठेवली.

"दोन्हीत मॅग्नेशियमच असतं. कुणासाठी हवंय?"

"माझ्यासाठी."

"वय? किडनीचा काही त्रास?"

"सहासष्ट. माझ्या किडन्या ठणठणीत आहेत."

शब्द न् शब्द खरा होता. मी खोटं बोलत नाही, सिस्टर लोकांनी तेवढं तरी पक्कं शिकवलंय. तिने बाटली पिशवीत घातली आणि म्हणाली, "चार-पाच दिवसांत फरक नाही पडला तर बंद करा, डॉक्टरांना दाखवा. आणि घरात दुसऱ्या कोणाला देऊ नका."

हे दुकानदार असंच म्हणतात. म्हणजे दुसऱ्यासाठी दुसरी बाटली घ्यावी लागते.

तक्त्यात दोन रकाने वाढवले. ताईने नव्या रकान्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"हे घेतलं की तू निवांत होशील का?"

"होईन."

"मग दे."

२२ फेब्रुवारी

ते पांढरं औषध! खडू विरघळवून त्यात पुदिन्याचं पान बुडवून काढल्यासारखं लागतं. शाळेतल्या दुधाची सख्खी मावसबहीण. ग्लासात काढलं, अर्धं प्यायले आणि अंगावर शहारा आला. उरलेलं सकाळी घेऊ म्हणून ओट्यावर ठेवलं. ताईने तिचं सगळं एका दमात घेतलं, तोंड वाकडं न करता. वरच्या ओठावर पांढरी मिशी. मला हसूच आलं.

थोड्या वेळाने पाहिलं तर माझा ग्लास धुऊन पालथा घातलेला. म्हटलं, बरं झालं, ताईने ओतून टाकलं. अर्ध्या मात्रेनेही माझं काम झालंच. चांदणी मात्र मी पूर्ण लावली. स्वतःला शिकवताना बाईंनी थोडं सवलतीने घ्यावं.

२८ फेब्रुवारी

मधे लिहिलं नाही, कारण सगळं उत्तम चाललंय. पोटऱ्या शांत आहेत. पोट शांत आहे. आणि सगळ्यात मोठा चमत्कार म्हणजे ताई शांत आहे.

खरंच. जन्मभर जी बाई दुपारी पाठ टेकत नव्हती, ती आता जेवण झालं की खुर्चीत पाय वर घेऊन झोपते. गालांवर गुलाबी रंग आलाय. आज मी भात करपवला आणि तिने मला काही म्हणजे काही ऐकवलं नाही. नुसती हसली. मॅग्नेशियमने मज्जातंतू शांत होतात असं मी वाचलं होतं, पण सत्तर वर्षांचे मज्जातंतू इतक्या लवकर शहाणे होतील असं वाटलं नव्हतं.

भोपळ्याच्या बिया, केळी आणि काळं चॉकलेटही सुरू केलंय. जिन्यात माझा दवाखाना सुरू झालाय असं म्हणायला हरकत नाही. मास्तरांना भोपळ्याच्या बियांचं महत्त्व समजावलं. मॅग्नेशियमबद्दल ते बिचारे मलाच सांगून बसले होते, आता माझ्याकडून ऐकतात. अर्ध्या हळकुंडाने पिवळी होणं म्हणतात ते असं. मी तर पाव हळकुंडानेच झालेय.

पांढरं औषध रोज अर्धंच जातं. ताई रोज ग्लास धुऊन ठेवते. तिला न सांगता कळतं.

५ मार्च

आज जरा वाईट झालं. वरच्या मजल्यावरचे वकील त्यांचा करडा कोट घेऊन परत आले. दाराशीच उभे राहिले, आत येईनात.

"मोठ्या बाईंनी दुसऱ्या कोणाला दिलं होतं का काम?"

मी कोट पाहिला. कोपराशी कापड गोळा झालं होतं, टाके लांबलांब, एक दोरा तर नुसता लोंबत होता. मी पाचवीत शिवणकामात काढले होते तसे टाके.

"नाही हो. तिनेच केलंय."

"हे त्यांच्या हातचं नाही," ते म्हणाले, आणि मग माझा चेहरा पाहून घाईघाईने, "राहू दे, राहू दे, घाई नाही काही."

ताईला सांगितलं तर तिने कोट मांडीवर घेतला आणि सुईत दोरा ओवायला गेली.

"बेबी, या सुईला नेढंच नाहीये."

होतं. मी ओवून दिलं. दुसऱ्या प्रयत्नात! मी तिला. जगाच्या इतिहासात पहिल्यांदा.

डोळे दाखवायला हवेत तिचे. सध्या खिडकीपाशी मोठा दिवा आणून लावला. तिला मळमळतंय पण. जेवण निम्मं टाकते. तिने टाकलेलं मी फेकून दिलं तेव्हा तिने नुसतं माझ्याकडे पाहिलं.

वाचत बसले. एका ठिकाणी लिहिलंय की कॅल्शियम जास्त झालं तर ते मॅग्नेशियमला अंगी लागू देत नाही. म्हणजे तेच! ताईला मॅग्नेशियम पुरेसं मिळतच नाहीये. म्हणून अशक्तपणा. उद्यापासून तिची कॅल्शियमची गोळी बंद आणि पावडर दोन वेळा. इतकं सोपं होतं, आणि मी वकिलांसमोर उगाच ओशाळी झाले.

९ मार्च

ताई पडली नाही. हे मला स्पष्ट लिहून ठेवायचंय. ताई बसली.

खुर्चीतून उठायला गेली, पाय ऐकेनात म्हणे, आणि ती खुर्चीला पाठ लावून हळूच खाली बसली. कुठे लागलं नाही. मी एका हाताने उचलणार कशी? मास्तरांना हाक मारली. त्यांनी तिला एखाद्या ओल्या टॉवेलसारखं उचललं आणि पलंगावर ठेवलं. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "डॉक्टरीणबाईंना बोलवू का?"

"थोडी अशक्त आहे. मॅग्नेशियम वाढवलंय मी."

"वाढवलंय?"

"जोडीचं प्रमाण बसवतेय."

ते दाराशी जाऊन परत आले. "मी ते गोळ्याबद्दल बोललो होतो हो. पोटरीच्या. आणि तुमच्याबद्दल."

भाचीचा फोन आला.

"मोठ्या आत्याला दे ना."

"झोपलीये."

"सकाळी अकरा वाजता? मोठी आत्या?"

"हल्ली तिला छान झोप लागते."

"पडली-बिडली नाही ना?"

"नाही," मी म्हटलं. आणि बसणं म्हणजे पडणं नव्हेच. पण फोन ठेवल्यावर शाळेतल्यासारखे कान गरम झाले. ताईचा हात हातात घेऊन बसले. उबदार होता आणि वजनदार. इतक्या बारीक बाईचा हात इतका जड कसा?

संध्याकाळची पावडर तिला जागं करून द्यावी लागली. तिने डोळे अर्धे उघडले, सगळी घेतली, आणि मग माझ्या ग्लासाकडे बोट केलं. मी म्हटलं, "ते माझं आहे, ताई." ती म्हणाली, "माहीतेय."

१० मार्च

हॉस्पिटल. पेन नर्सचं आहे, परत द्यायचंय.

सकाळी ताईला हाक मारली, ती हूं म्हणाली आणि पुन्हा आत कुठेतरी गेली. मास्तरांनी गाडी आणली.

तरुण डॉक्टरने लहान हातोडीने ताईच्या गुडघ्यावर मारलं. पाय हललाच नाही. दुसऱ्या गुडघ्यावर मारलं. तोही नाही. मग त्याने विचारलं, "काय काय औषधं घेतात या?"

मला सगळं पाठ होतं. वर्गात कविता म्हणावी तसा मी तक्ता म्हणून दाखवला. ओळीने, काही न गाळता. पावडर दोनदा, पांढरं औषध रोज, बिया, केळी, कॅल्शियम पूर्वी होतं पण बंद केलं. म्हणताना मला थोडा अभिमानही वाटत होता, देवा. त्याचा चेहरा बदलत गेला तशी मी सावकाश म्हणू लागले आणि शेवटी चांदण्यांपाशी थांबले.

"यांच्या किडनीचं काही माहीत होतं?"

"जरा मंद आहेत, एवढंच."

"बाई, जादा मॅग्नेशियम बाहेर टाकायचं काम किडनीचंच असतं. ती मंद असेल तर ते जाणार कुठून? साठतं. मग माणूस सैल पडतो. हात, पाय, झोप... पुढे श्वास. हृदय."

सैल सोडतं, मास्तर म्हणाले होते. मी म्हणाले होते, शांत झालीये.

तिला आता शिरेतून काय देतायत माहीत आहे? कॅल्शियम. मी बंद केलेलं. मॅग्नेशियमचा जोर तेच रोखतं म्हणे. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, असं लोकांना हसणारी मी. माझ्या एका मनगटापायी हिच्या हृदयाला तारा लावल्या आहेत.

पडद्यावर हिरवी रेघ चालू आहे. मी त्या रेघेकडे पाहत नाही, तिची टिकटिक मधून मधून ऐकते.

१२ मार्च

ताई बोलली. पहिलं वाक्य, "वकिलांचा कोट उसवायचा राहिलाय." मी रडले. ती म्हणाली, "आधी उसवू दे, मग रड."

दुपारी तो तरुण डॉक्टर कागद घेऊन आला. त्याला काहीतरी पटत नव्हतं.

"तुम्ही सांगितलं तेवढंच घेत असतील तर रक्तात इतकं यायला नको होतं. अजून काही?"

मी शपथेवर नाही म्हटलं. तक्ता तोंडपाठ म्हणून दाखवायची पुन्हा तयारी केली.

"हिचं अर्धं मी प्यायचे," ताई उशीवरून म्हणाली.

"काय?"

"ते पांढरं. ही अर्धं ठेवायची. मी ग्लास धुवायच्या आधी प्यायचे."

डॉक्टरने हातातला कागद खाली ठेवला. "का?"

हा काय प्रश्न झाला, असं ताईच्या चेहऱ्यावर होतं. "तिला ते आवडत नाही," ती म्हणाली. "लहानपणापासून."

डॉक्टर गेल्यावर मी म्हटलं, "ताई, मला वाटायचं तू ओतून टाकतेस."

"मी कधी काही ओतून टाकलंय?"

नाही. दोऱ्याचा तुकडासुद्धा नाही. साठ वर्षं शेजारी बसून मला एवढं कळलं नाही, आणि मी निघाले होते हिची हाडं वाचवायला.

"तुला गोळ्यांनी, पावडरीने त्रास होत होता ते कळत होतं ना?"

"थोडं थोडं."

"मग बोलली का नाहीस?"

ती खिडकीकडे वळली. "तू सकाळी उठून ते लावायचीस ना, चांदण्या. तेव्हा गाणं गुणगुणायचीस. शाळेतून निवृत्त झाल्यापासून गुणगुणली नव्हतीस."

१४ मार्च

भाची आली. बॅग दाराशीच ठेवली, ताईच्या कपाळावर हात ठेवला, मग मला कॉरिडॉरमध्ये नेलं. मी तिला सगळं सांगितलं. बसण्याचंसुद्धा.

"म्हणजे पडली."

"हो. पडली."

ती रागावली नाही, ते जास्त वाईट. नुसती भिंतीला टेकली. "बेबी आत्या, मी तिला घेऊन जाते. तू सांग, मी दुसरं काय करू?"

मी म्हटलं, "ने." आणि खरंच तसंच वाटत होतं. ज्या घरात मी आहे त्या घरात ती नसली तरच बरी.

आत गेलो. भाचीने तिला हळुवारपणे सांगितलं: खोली हवेशीर आहे, खिडकी पूर्वेला आहे, रफूचं सामान नेता येईल. ताईने सगळं ऐकून घेतलं. माझ्या समोर हॉस्पिटलचा चहा होता, अर्धा राहिलेला, त्यावर साय धरली होती. तिने सुई टोचलेला हात सावकाश पुढे केला, कप ओढून घेतला आणि पिऊन टाकला.

"छान आहे खोली," ती म्हणाली. "पण मी तिकडे आले तर हिचं उरलेलं कोण संपवणार?"

"मोठी आत्या, त्यानेच तर तू इथे आलीस!"

"औषध नाही संपवणार पुन्हा. चहा म्हणतेय मी."

भाचीला हसू आलं आणि मग ते हसू राहिलं नाही, तिने तोंडावर ओढणी धरली. मी तिच्या पाठीवरून हात फिरवला, तो प्लास्टरचा निघाला.

बरंच बोलणं झालं. ठरलं ते असं: आम्ही एकत्र राहायचं. औषधाचा कुठलाही थेंब डॉक्टरीणबाईंना विचारल्याशिवाय घरात येणार नाही, आणि गोळ्यांचा डबा भाची दर पंधरा दिवसांनी येऊन स्वतः भरणार. तक्ता नाही. "आणि जिन्यातला दवाखाना बंद," ती म्हणाली. तिला कोणी सांगितलं? मास्तरांनीच.

१९ मार्च

घरी आलो. ताई खुर्चीत बसली आणि आधी तिने करड्या कोटाचे टाके उसवायला घेतले. आता पाहिलं, दुसऱ्यांदा सुरुवात केलीये. टाके दिसत नाहीत.

आहार सांगणाऱ्या बाईंनी दोघींना वेगवेगळा कागद दिलाय. मला गोळी एकच, तीही जेवणाबरोबर, बाकीचं दूध-दही-बदामांतून. मॅग्नेशियम जेवणातूनच पुरेसं मिळतं, वेगळं घ्यायचं कारण नाही. ताईला बिया नाहीत, केळी नाहीत, चॉकलेट नाही, आणि दूध दिवसाला अर्धाच कप. ते वाचताना मला वाटलं, आता ही चिडणार. ती म्हणाली, "तीळ नाहीत ना? मग झालं."

घरात जमवलेलं सगळं उद्या बाहेर जाईल. कुणाला काय, ते आत्ताच लिहून ठेवते, नाहीतर आयत्या वेळी माझं मन फिरेल आणि मी एखादी बरणी कपाटामागे लपवीन.

भोपळ्याच्या बिया मास्तरांना. बरणीसकट, आणि बरणी परत मागायची. म्हणजे ते वर येतील. काळं चॉकलेट भाचीला, तिने फार सोसलंय. तीळ गच्चीवरच्या कबुतरांना, त्यांना कवळी नसल्याने अडकायचा प्रश्न नाही. केळी वकिलांना, कोटाबद्दल. मॅग्नेशियमची पावडर औषधवालीकडे, नीट टाकून द्यायला, आणि ती देताना तिने तेव्हा विचारलेल्या प्रश्नाचं उरलेलं उत्तरही द्यायचं: घरात आणखी एक बाई आहे, आणि तिच्या किडन्या मंद आहेत. पांढरं औषध मोरीत. ते मी स्वतः ओतायचं, ताई बाजूच्या खोलीत असताना. तक्ता ताईला, मागची बाजू कोरी आहे, बाही बेतायला होईल. चांदण्यांच्या पाकिटात एकच उरली होती, ती तिच्या सुयांच्या डबीवर लावलीये. तिने पाहिली, काढली नाही. साठ वर्षं उशीर झाला, पण शाबास.

आणि दूध. ताई सवयीने आपला कप भरूनच घेईल, आणि अर्धं झाल्यावर तिला थांबावं लागेल. ते उरलेलं अर्धं मला. सायीसकट.